व्हिसा मिळाला, पण दोरी कोणाच्या हातात?

रमजानच्या संध्याकाळी खेड, दापोली, चिपळूण, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत दस्तरखान अंथरला जातो आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून एक मोबाइल उभा केला जातो. पलीकडे कुवेत, दमाम किंवा दुबई असते. तिकडे सूर्य मावळायला अजून तास-दीड तास असतो, म्हणून मुलगा कामावरूनच बोलतो. सेहरीला काय खाल्लंस, असे अम्मी विचारते. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘ईदला येशील ना?’ मुलगा ‘येतो’ म्हणत नाही, ‘बघतो’ म्हणतो.

या ‘बघतो’मागे पगार, रजा आणि विमानाचे भाडे तर असतेच, पण बहुतेक वेळा त्याच्या मुक्कामाचा परवानाही असतो.

कोकणाला घर सोडून कमावणे नवे नाही. मुंबईचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, उरुसाला रात्रीची एसटी धरून गावी येई. मालकाशी बिनसले तर दुसरी गिरणी, दुसरे दुकान शोधी. परदेशात ही मोकळीक कागदावर ठरते. आज मोहल्ल्यातली मुलेच नव्हे, तर कुणबीवाडी, बौद्धवाडी, भंडारवाडीतली मुलेही परदेशी निघाली आहेत. कोणाला आखातात नोकरी हवी आहे, कोणाला कॅनडा-इंग्लंडला शिक्षण, तर कोणाला जर्मनीत हाताच्या कौशल्याचे काम. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘व्हिसा’. पण या एका शब्दात तीन वेगळ्या परवानग्या दडलेल्या असतात: देशात शिरण्याची, तिथे राहण्याची आणि तिथे काम करण्याची. पहिली मिळाली म्हणून तिसरी मिळाली असे होत नाही.

याचा अर्थ मार्च २०२५ मध्ये देशाने पाहिला. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. या अड्ड्यांचे जाळे नोकरीच्या आमिषावर चालते. थायलंडला पर्यटक म्हणून जायला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. दलालाने ‘व्हिसाची कटकट नाही’ म्हटले तर ते खोटे नसते. मात्र त्या प्रवेशावर नोकरी करता येत नाही, एवढेच तो सांगत नाही.

कफीलची सही

आखातातली नोकरी अनेक वर्षे कफालत पद्धतीवर चालत आली. कामगाराचा मुक्काम मालकाच्या, म्हणजे कफीलच्या नावाशी बांधलेला असे. नोकरी बदलायला त्याची सही लागे आणि काही देशांत मायदेशी जायलाही. मालकाने ‘कामगार पळाला’ अशी तक्रार केली की कालचा कष्टकरी आज बेकायदा ठरे.

यात बदल झाला आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली. मार्च २०२१ पासून तिथे महिना १,००० रियाल किमान वेतन लागू झाले. मालक जेवण आणि निवास देत नसेल, तर त्यासाठी अनुक्रमे ३०० आणि ५०० रियाल वेगळे द्यावे लागतात. सौदी अरबस्तानने मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगारांना ठरलेल्या अटींवर नोकरी बदलण्याची आणि मायदेशी जाण्या-येण्याचा परवाना स्वतः मागण्याची मुभा दिली. पण घरकामगार, घरचे वाहनचालक आणि शेतमजूर या सुधारणेबाहेर राहिले. आपल्याकडून ‘हाऊस ड्रायव्हर’ म्हणून जाणाऱ्या तरुणाने ही ओळ दोनदा वाचावी अशी आहे. गाडी तीच आणि रस्ताही तोच असतो. पण कंपनीचा चालक आणि घरचा चालक यांचे हक्क वेगळे ठरतात.

‘आझाद व्हिसा’ हा गावागावांत ऐकू येणारा शब्द आणखी फसवा आहे. नाव आझादीचे, पण कागदावर कफील असतोच. तो पैसे घेऊन नाव देतो आणि कामगार दुसरीकडे काम शोधतो. नोंदलेल्या मालकाव्यतिरिक्त इतरत्र विनापरवानगी काम करणे बेकायदा आहे. पकडले गेल्यावर दंड, तुरुंग किंवा परत पाठवणी यांपैकी काहीही होऊ शकते. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ मध्ये कायदा कडक केला. परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला आता १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. म्हणजे ‘व्हिजिटवर जा, तिथे काम मिळेल’ हा जुना सल्ला आता मालकालाही महाग पडतो.

दहावी पास झाल्याची उलटी बाजू

भारताच्या बाजूला १९८३चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शेरा असतो. त्याला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती ई-मायग्रेट प्रणालीतून मिळते. त्यात करार, पगार आणि मालक यांची नोंद होते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना असते. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरले की अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण मिळते.

दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. घरात त्याचा आनंद होतो, पण त्याचबरोबर त्याचा करार कोणीतरी तपासण्याची सक्तीही जाते. आणि व्हिजिट व्हिसावर निघालेला माणूस, शिकलेला असो वा नसो, या नोंदीत येतच नाही.

पैशांचेही तसेच आहे. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. त्याची पावतीही द्यावी लागते. अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. याहून जास्त मागणारा आणि पावती न देणारा एजंट त्याच वेळी आपली ओळख देत असतो. पण आईचे दागिने तोवर गहाण पडलेले असतात. ते सोडवण्यापुरते कमवायचे म्हणून मुलगा वाईट मालकाकडेही दिवस काढतो. अशा वेळी त्याला बांधून ठेवायला कफील लागत नाही, कर्ज पुरते.

कॉलेजच्या वाटेने

डॉलर-पौंडाच्या देशांत दोरी वेगळ्या हातात असते. विद्यार्थी व्हिसा शिकण्यासाठी असतो. कमावणे त्यात दुय्यम धरलेले आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ केली आणि पुढे ती आणखी वाढवली. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. शिक्षणानंतरचा कामाचा परवाना तिथे एका मालकाशी बांधलेला नसतो, हे त्याचे मोठे बळ. पण नोव्हेंबर २०२४ पासून अनेक पदविका अभ्यासक्रमांसाठी तो ठरावीक विषयांपुरताच राहिला. प्रवेश मिळाला म्हणून पुढचा परवाना मिळेलच, हे गणित तिथे मोडले.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार वा मुले सोबत नेता येत नाहीत. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारा सर्वसाधारण किमान वार्षिक पगार एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड झाला. त्याच महिन्यात परदेशातून वृद्धसेवक नेण्याची वाट बंद झाली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावले. नियम असा दोन वर्षांत बदलतो आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते दहा वर्षे चालतात.

हाताच्या कामाला नवी वाट

सगळीच दारे बंद होत आहेत असेही नाही. जर्मनीत कामगारांची टंचाई आहे. जून २०२४ पासून तिथे ‘संधी कार्ड’ सुरू झाले. किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यवसायशिक्षण किंवा पदवी आणि जर्मन वा इंग्रजीचे ठरलेले ज्ञान असेल, तर गुणांच्या आधारे वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते. तोवर आठवड्याला २० तास कामही करता येते. खर्चाची रक्कम मात्र आधी दाखवावी लागते. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आहे. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनसाठी किंवा नर्सिंग झालेल्या मुलीसाठी ही वाट विचार करण्याजोगी आहे. मात्र भाषा शिकायला वेळ लागतो, आणि आपला दाखला तिथे कितपत ग्राह्य धरला जाईल हे निघण्यापूर्वीच पाहावे लागते.

यातली कुठलीही वाट धरली तरी पासपोर्ट कोणाच्या हाती देण्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. परवाना कोणाच्या नावाशी जोडलेला आहे? नोकरी किंवा कॉलेज सुटले, तर किती दिवस राहता येईल? आणि घरी यायचे झाले, तर कोणाची परवानगी लागेल? उत्तर तोंडी असेल तर ते उत्तर धरू नये.

या महिन्यात तिकडून आलेली बरीच माणसे गावात असतात. तरावीहनंतर मशिदीच्या ओट्यावर आणि सकाळी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात त्यांच्या गप्पा रंगतात. जमात, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून एक संध्याकाळ ठरवावी. निघणाऱ्या मुलाने आपला करार घेऊन यावे, मग तो कोणत्याही वाडीतला असो. वीस वर्षे दमामला काढलेल्या एखाद्या चाचांनी त्याच्या शेजारी बसून तो ओळीने वाचावा. तिथल्या अरबी-इंग्रजी कागदांतला कोणता शब्द पुढे नडतो, हे त्यांना कोणत्याही एजंटापेक्षा जास्त ठाऊक असते.

त्या तासाभराला खर्च काही नाही. पण पुढच्या रमजानला ‘ईदला येशील ना?’ असे कोणी विचारले, तर निदान कागदाच्या अडचणीमुळे तरी त्या मुलाला ‘बघतो’ म्हणावे लागणार नाही.