साप मारून आणू नका

पावसाळा लागला की मारलेला साप पिशवीत घालून दाखवायला आणणारे माझ्याकडे येतात. पुष्कळदा तो बिचारा कवड्या निघतो. अगदी बिनविषारी! रानात दगडांखाली, सालीच्या फटीत राहणारा हा साप पालींच्या मागे भिंत चढून घरात शिरतो. त्याचे पट्टे शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे मानेकडे. पण मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात हे कोण पाहणार? आम्हा डॉक्टरांना त्याची गरजही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर लस एकच. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. म्हणून काठी शोधत बसू नका, सरकारी रुग्णालय गाठा. ‘कवड्याच असेल’ म्हणून घरी तर मुळीच थांबू नका.