ऑपरेशन यशस्वी झालं, मग अजून का दुखतंय?

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, रिपोर्ट चांगले आले, घरचे निर्धास्त झाले. पण ब्राचा पट्टा टेकला तरी तिच्या छातीवर आग होते, काखेतून दंडापर्यंत करंट लागल्यासारखी कळ जाते. सांगायला गेलं तर ऐकावं लागतं, ‘‘जीव वाचला ना, एवढं तर चालायचंच.’’ मग अनेकजणी सांगणंच सोडून देतात. असं करू नका. हे दुखणं खरं असतं आणि त्यावर उपचारही असतात.

का दुखतं?

काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला एक नस जाते. काखेतल्या गाठी काढताना ती ताणली किंवा कापली जाऊ शकते. वरची जखम भरते, पण दुखावलेली नस चुकीचे सिग्नल पाठवत राहते. त्यामुळे जळजळ, मुंग्या, बधिरपणा जाणवतो.

लेझर अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे काय?

यात सुई टोचण्याऐवजी शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर कमी शक्तीचा लेझर प्रकाश सोडतात. त्याने त्वचा कापली किंवा भाजली जात नाही. सुईची भीती वाटणाऱ्यांना हे सोयीचं. शिवाय काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सूज आणि इन्फेक्शनचा धोका असतो, म्हणून तिथे सुई टोचणं टाळलं जातं. लेझरमध्ये तो प्रश्न येत नाही.

किती भरवसा ठेवावा?

सुईच्या अ‍ॅक्युपंक्चरवर बरंच संशोधन झालंय. हार्मोनच्या काही गोळ्यांमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये त्याची शिफारस केली. लेझरवरचे अभ्यास मात्र कमी आणि छोटे आहेत. म्हणून मुख्य उपचारांना जोड म्हणूनच त्याकडे पाहा. गॅबापेंटिनसारखी औषधं, लिडोकेन पॅच, फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास नर्व्ह ब्लॉक हे पर्याय डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

* दुखणं नव्याने सुरू झालं, वाढत गेलं किंवा गाठ, लाली, सूज दिसली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.
* महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. थेरपिस्टची नोंदणी विचारायला संकोच करू नका.
* कॅन्सरची गाठ असलेल्या जागी लेझर नको. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.
* दुखण्याला रोज ० ते १० पैकी गुण देऊन वहीत लिहा. काही सिटिंगनंतरही आकडा उतरला नाही तर पैसे घालवत बसू नका.
* ‘कॅन्सरची औषधं बंद करा’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

घरच्यांसाठीही एक सांगणं आहे. पुढच्या तपासणीला तिच्यासोबत जा आणि रिपोर्टसोबत ती वहीही डॉक्टरांसमोर ठेवा. मोठ्या हॉस्पिटलमध्ये पेन क्लिनिक असतं, तिथे पाठवता येईल का, हेही विचारा.