बारा मुलांची शाळा कोणाला जड झाली?

कार्तिकी पौर्णिमेला बीड तालुक्यातील कपिलधार येथे संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात. बालाघाटाच्या कुशीतील त्या कपारीत, कोसळत्या धारेच्या शेजारी भाविकांचा मेळा भरतो. हाच काळ त्याच डोंगररांगेतील वाड्या-तांडे रिकामे होण्याचाही असतो. दसरा उलटला की मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, पांघरुणे आणि त्यांच्यावर बसलेली मुले. मुक्काम थेट पश्चिम महाराष्ट्रातील अथवा कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या कोपीवर. गावात मागे उरतात ती म्हातारी माणसे, आणि ज्या घरात आजी अजून धडधाकट आहे त्या घरची नातवंडे.

ही नातवंडे मागे राहू शकतात, कारण गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. टोळी बाहेर असेपर्यंत त्या शाळेच्या आधाराने हंगामी वसतिगृह चालते. मुलाला दोन वेळचे जेवण मिळते, रात्री ते आजीजवळ झोपते आणि सकाळी चालत शाळेत जाते. शाळा उठली की ही सगळी साखळी तुटते. सत्तरीच्या म्हातारीने सहा वर्षांच्या नातवाला चार-पाच किलोमीटर दूरच्या शाळेत रोज कसे पोहोचवायचे? त्यापेक्षा आई त्याला ट्रॉलीत बसवील, आणि तो फडात ऊसाच्या मोळ्यांशेजारी वाढेल.

ही साधी गोष्ट मंत्रालयातील विद्वानांना कळत नाही, असे मानण्याचे कारण नाही. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयातून पत्र निघाले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. अशा शाळा राज्यात किती? १४ हजार ७८३. त्यांत शिकणारी मुले १ लाख ८५ हजार ४६७. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ यांची नावे पुढे करण्यात आली. त्याआधी २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. या सहा वर्षांत राज्यात तीन मुख्यमंत्री झाले. त्यांत आपल्याला जवळचे वाटणारेही होते, दूरचे वाटणारेही होते. खुर्चीवरची माणसे बदलली, हिशेबाची वही मात्र तीच राहिली. म्हणून या प्रश्नावर पक्ष पाहून बोलणे किंवा गप्प बसणे, दोन्ही सारखेच अप्रामाणिकपणाचे ठरेल.

शाळा कोणी उभ्या केल्या?

मराठवाड्यातील शाळेचा हिशेब पुण्या-मुंबईच्या मापाने करता येत नाही, याला इतिहास कारण आहे. निजामाच्या राजवटीत शासकीय माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ तर संपूर्ण उर्दू माध्यमाचे. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो पहिला मोठा प्रयोग होता, हे मान्य करायला हवे. पण संस्थानातील बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती. ती तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. परंपरा ज्यांना मराठीचे आद्यकवी मानते ते मुकुंदराज आणि त्यांच्यानंतरचे दासोपंत यांची अंबाजोगाई याच बीड जिल्ह्यात आहे. तिचे सरकारदरबारी नाव तेव्हा मोमीनाबाद होते. त्या भूमीतील मुलाला इतिहास आणि गणित परक्या भाषेत घोकावे लागे. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठी ओवीत लिहिले, आणि वीरशैव घरांतून त्याची पारायणे होत राहिली. अक्षरओळख जिथे जिवंत होती तिथे ती अशा घरांतून, मठांतून आणि मंदिरांच्या ओवऱ्यांतून. राज्यकर्त्यांच्या कृपेने नव्हे.

खासगी शाळा काढावी, तर आधी सरकारची परवानगी हवी. शाळा म्हणजे राजद्रोहाचे बीज, असा दरबाराला संशय. तो अगदीच निराधार होता, असेही म्हणवत नाही. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी राहिली, १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली, पुढे सेलूला नूतन विद्यालय निघाले. आणि यांतून जी माणसे घडली त्यांनीच पुढे त्या राजवटीला हादरे दिले. हिप्परग्याचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. ते हिप्परग्याहून १९३५ च्या सुमारास अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सर्वोच्च नेता हा आधी शाळामास्तर होता, आणि त्याच्या कामाचा एक मोठा टप्पा आपल्या या जिल्ह्यात गेला, हे बीडच्या किती मुलांना आज शाळेत सांगितले जाते?

१९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. ही ठिणगी उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. एका गीतासाठी पदवीवर पाणी सोडणारी ती पोरे लखपतींची नव्हती. गावोगावच्या वर्गणीतून चाललेल्या शाळांतून वर आलेलीही त्यांत होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावाने जागा द्यायची, श्रमदानातून भिंती उभ्या करायच्या, मारुतीच्या पारावर भरणारा वर्ग त्या भिंतींत न्यायचा. कित्येक गावच्या शाळेची जन्मकथा अशीच आहे. लोकांनी आपली वस्तू विश्वासाने सरकारच्या हवाली केली. देताना त्यांनी पट विचारला नव्हता.

त्यानंतर जिल्हा परिषदेने या विश्वासाचे काय केले, हा प्रश्न कटू आहे, पण टाळता येत नाही. शिक्षण समिती हे अनेक ठिकाणी बदल्यांचे दुकान झाले. सोयीच्या गावासाठी वशिला, गैरसोयीचे गाव शिक्षा म्हणून, आणि बालाघाटातील वाडी नेहमीच 'शिक्षा' या सदरात. २०१७ साली बदल्या संगणकावर गेल्या तेव्हा कोठे हे थोडे आवरले. दुसरीकडे ऑक्टोबर २०११ मध्ये, नांदेडच्या तपासणीचा धडा घेऊन, राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि अस्तित्वातच नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नावाने वर्षानुवर्षे अनुदान उचलले जात होते हे उघड झाले. शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात परिषदेला ७ हजार ८८० उमेदवार बाद करावे लागले. जे सरकार नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी इतकी वर्षे पैसे मोजत राहिले, त्याच सरकारला असलेली बारा मुले आता परवडत नाहीत!

एक किलोमीटरचे दोन अर्थ

या धोरणातील दुटप्पीपणा पाहायचा असेल तर फेब्रुवारी २०२४ मधील एक अधिसूचना आठवावी. शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला या बंधनातून शासनाने सूट दिली. युक्तिवाद असा, की शेजारी सरकारी शाळा आहे ना, मग गरिबाने तिथे जावे. सप्टेंबरमध्ये जी शाळा खर्चिक आणि निरुपयोगी होती, ती फेब्रुवारीत खासगी संस्थाचालकांची ढाल म्हणून एकाएकी उपयोगी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ही अधिसूचना रद्द केली, हे ठीकच झाले. पण शासनाचे मन त्यातून जे दिसले ते दिसलेच.

पटाच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, आणि तो मांडलाच पाहिजे. चार मुलांचा वर्ग ही चांगली शाळा नव्हे. मुलाला सवंगडी लागतात, खेळाला दोन संघ लागतात, शिक्षकाला चार वर्ग एकत्र शिकवताना दमछाक होते. जिथे पक्का रस्ता आहे, शेजारचे गाव दहा मिनिटांवर आहे, आणि पालकांनी विचारांती होकार दिला आहे, तिथे दोन शाळा एक करण्यात पाप नाही. पण डोंगराळ वाडीला आणि महामार्गावरच्या गावाला एकच वीसचा आकडा लावणे याला नियोजन म्हणत नाहीत. गाडीची सोय करू, असे सांगितले जाते. पावसाळ्यात ओढा भरला की बालाघाटात एस.टी. येत नाही, ती गाडी येईल? आणि मुलींचे काय? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. मुलगी जन्मू देणेच जिथे जड होते, तिथे तिला चार किलोमीटरवर शिकायला कोण धाडणार? शाळा लांब गेली की पहिली ती घरी बसते, आणि घरी बसलेल्या मुलीचे लग्न लवकर उरकले जाते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. ती स्वागतार्ह आहे, पण तालुक्याचे वसतिगृह पहिलीतल्या मुलाच्या आजीची जागा घेऊ शकत नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. पट कमी का झाला? मुले आकाशात उडून गेली नाहीत. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसाहाय्यित शाळांना दार मोकळे झाले, आणि सकाळी पिवळी बस वाडीच्या फाट्यावर येऊ लागली. फी भरू शकणारे पालक मुलांना तिच्यात बसवतात. उरलेल्या बारा मुलांना मग 'अपुरे' ठरवले जाते. त्या बसमध्ये आपल्या घरांतील मुलेही असतात. मातृभाषेतून शिक्षणाचे ठराव ज्या बैठकीत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात, त्याच बैठकीनंतर इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशाची चौकशी होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची मुलेही त्याच बसने जातात. शाळेवर विश्वास ठेवणारा मध्यमवर्ग गावातून निघून गेला, तेव्हाच त्या शाळेसाठी भांडणारा माणूसही गेला.

आणि निर्णय घेताना विचारायचे तरी कोणाला? मार्च २०२२ मध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. समूह शाळेचे पत्र आले तेव्हा त्याला जाब विचारील अशी निवडून आलेली शिक्षण समितीच जिल्ह्यात नव्हती. उरली शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. पण वाड्यांतील हे पालक ऑक्टोबरपासून चैत्रापर्यंत कोयता घेऊन कारखान्यावर असतात. तेव्हा कपिलधारच्या आसपासच्या एखाद्या वाडीतील शाळा हलवण्याचा प्रस्ताव पंचायत समितीतून आलाच, तर तिथल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी पाहावे: ग्रामसभा वैशाखात भरवायची. टोळ्या परत आलेल्या असतात, आई-बाप घरी असतात. कार्तिकात भरवली, तर हात वर करायला गावात म्हाताऱ्यांखेरीज कोणी नसेल, आणि इतिवृत्तात 'विरोध नाही' असे लिहून शाळेला कुलूप लागेल.