‘प्रवृत्त करणे’ या क्रियापदाविषयी

‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ हा मथळा नाशिकच्या दैनिकांतून आपण इतक्या वेळा वाचतो, की त्यातील क्रियापदाकडे आपले लक्षच जात नाही. ‘प्रवृत्त करणे’ याला कोणताही कर्ता चालतो. दुष्काळ, कर्ज, अपमान, कोणीही. कायद्याच्या मराठीतला शब्द ‘अपप्रेरणा’ हा आहे. तो कानाला कृत्रिम वाटतो (आम्हीही त्याची थट्टा केली आहे). पण त्याला माणूसच कर्ता लागतो, आणि त्या माणसाचा हेतू लागतो. चिथावणी, कट किंवा बुद्धिपुरस्सर साहाय्य, यांपैकी एक तरी सिद्ध व्हावे लागते. दंड संहितेच्या कलम ३०६ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ ने घेतली. कसोटी तीच राहिली.

औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये आत्महत्या केली. वरिष्ठ त्यांना अवेळी, सुट्टीच्या दिवशीही कामाला जुंपत. महिन्याचा पगार रोखला आणि वेतनवाढ रोखण्याची धमकी दिली, अशी पत्नीची तक्रार होती. प्रचंड मानसिक ताणाची परिस्थिती निर्माण करणे हीही चिथावणीच, असे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला वाटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो गुन्हा रद्द केला. अशी परिस्थिती जाणूनबुजून निर्माण केली असती तर गोष्ट वेगळी. केवळ काम सोपवण्यावरून गुन्हेगारी हेतू गृहीत धरता येत नाही.

आम्हांस हा निकाल योग्य वाटतो, आणि तरीही त्या पत्नीची तक्रार मनातून जात नाही. ‘हेतू नव्हता’ हे रोखलेल्या पगाराचे उत्तर नव्हे. तो प्रश्न सेवानियमांचा होता, आणि तो माणूस हयात असतानाच विचारायचा होता. छळ आणि अपप्रेरणा यांत अंतर आहे हे कायदाही जाणतो; म्हणून तर विवाहापासून सात वर्षांच्या आत आत्महत्या केलेल्या स्त्रीचा सासरी छळ झाल्याचे सिद्ध झाल्यास अपप्रेरणा गृहीत धरण्याची मुभा १९८३ पासून न्यायालयाला आहे. कचेरीसाठी तशी तरतूद नाही.

वर्गातही आम्ही हेच करीत आलो. ‘नायकाच्या आत्महत्येस जबाबदार कोण?’ असा प्रश्न आम्ही अनेकदा काढला, आणि एकाच पात्राचे नाव ठामपणे लिहिणाऱ्यांना भरघोस गुण दिले.