न आवडल्यास आम्हाला सांगा

‘आवडल्यास इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हाला सांगा.’ आपल्याकडच्या नाश्त्याच्या हॉटेलांत गल्ल्याच्या मागे लावलेली ही पाटी आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. मात्र त्या पाटीप्रमाणे आपण कधी वागलो का, हा प्रश्न पडायला वयाची साठी उलटावी लागली. तोही एका बशी कांदाभजीमुळे पडला.

आमच्या मिरजेत मोहल्ल्याच्या तोंडाशी एक छोटे हॉटेल आहे. चार टेबले, आठ बाकडी. फजरची नमाज आटोपून लोक मशिदीच्या पायऱ्या उतरतात तेव्हा तेथे पहिला चहा उकळत असतो. पोहे, उप्पीट, शिरा, भजी, कटवडा आणि रविवारी खिमा-पाव. नवरा-बायको मिळून चालवतात. तो गल्ल्यावर आणि कढईपाशी, भाभी मागच्या खोलीत, आणि हाताखाली एक पोऱ्या. मिरज हे इस्पितळांचे गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशन इस्पितळ उभे केले आणि पुढे इस्पितळे वाढतच गेली. दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून रुग्ण येतात. म्हणून त्या बाकड्यांवर मोहल्ल्यातले लोक असतात, तसे रात्रभर वॉर्डाबाहेर जागलेले नातेवाईकही असतात.

या हॉटेलाबद्दल मत विचारले तर जितकी बाकडी तितकी उत्तरे. सतारी बनवणारे एक वयस्क चाचा म्हणतात, ‘चहा पूर्वीसारखा राहिला नाही.’ असे म्हणत वीस वर्षे ते इथेच चहा घेत आहेत. जमखंडीकडून आईला घेऊन आलेला एक तरुण आम्हाला म्हणाला, ‘उप्पीट आमच्याकडच्यासारखं नाही, पण आईला पथ्य आहे म्हणून भाभींनी बिनमिठाची पेज करून दिली आणि पैसे घेतले नाहीत.’ कॉलेजच्या पोरांची तक्रार की मोबाईल चार्ज करायला जागा नाही. रिक्षावाल्याचे मत सर्वांत आखूड : ‘लवकर मिळतं, पोट भरतं.’

आता आमचे स्वतःचे सांगतो. पावसाळ्यातल्या एका सकाळी भजी मागवली. पहिल्याच घासाला जुन्या तेलाचा खवट वास आला. बशी अर्धी टाकून, पैसे देऊन, मुकाट्याने उठलो. मालक समोर उभा होता. त्याला एक शब्द बोललो नाही. वाटले, कशाला त्याला वाईट वाटेल असे बोला? मात्र मशिदीच्या पायरीवर दोघांना सांगितले, दूधवाल्याला सांगितले आणि घरी जेवताना सर्वांसमोर सांगितले. तिथे आमचा भाचा होता.

पंधरा दिवसांनी मालकाने रस्त्यात गाठले. ‘सलाम मास्तर. बरेच दिवस दिसला नाहीत. काही चुकलं का आमचं?’

आम्ही म्हणालो, ‘नाही रे, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय.’

हे खोटे होते. वर्गात चाळीस वर्षे पोरांना खरे बोलायला शिकवलेल्या माणसाने भररस्त्यात, सलामाचे उत्तर देऊन, लगेच बोललेले खोटे.

त्याच आठवड्यात भाचा मोठ्या उत्साहाने म्हणाला, ‘मामू, तुमच्या त्या हॉटेलवाल्याला मी एक तारा देऊन टाकला. दोन मित्रांनाही द्यायला लावला.’ आम्ही विचारले, ‘तू तिथं खाल्लंस कधी?’ म्हणाला, ‘नाही, पण तुम्हीच सांगितलं ना!’

मोबाईल पुढ्यात घेऊन आम्ही हिशेब मांडला. हॉटेलाबद्दल तोवर वीस जणांनी मत दिले होते, सरासरी ४.२. या तिघांचे एकेक तारे पडताच सरासरी ३.८ वर आली. ज्या हॉटेलाला दोन हजार मते असतात, तिथे हेच तीन तारे टाकले तर आकडा ४.२ वरून हलत नाही. म्हणजे रागाने टाकलेला दगड मोठ्याला लागतही नाही आणि लहानाचे डोके फुटते. परगावचा माणूस मध्यरात्री रुग्णाला घेऊन येतो, सकाळी मोबाईलवर नाश्त्याची जागा शोधतो, चारच्या खालचा आकडा दिसला की पुढे जातो. त्याला काय ठाऊक की त्या तीन ताऱ्यांमागे एकच बशी आहे, आणि तीही तारे देणाऱ्यांपैकी कोणी खाल्लेली नाही!

दुसऱ्या दिवशी आम्ही फजरनंतर तडक हॉटेलात गेलो. गिऱ्हाईक कमी होते. मालकाला बाजूला घेऊन सगळे सांगितले. भजीचे, खोट्याचे आणि ताऱ्यांचेही. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘त्या आठवड्यात घरातून आजारी होत्या. तेल गाळणं, टाकणं त्याच बघतात. पोऱ्यानं जुन्यातच नवं ओतलं असणार. मी कढईपाशी होतो, मला कळायला हवं होतं. पण मास्तर, दिवसभर त्याच वासात उभा असतो, नाक मरतं. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर तुमच्यासमोर कढई मोरीत ओतली असती.’

त्याचा शब्द आम्हाला लागला, आणि तो खराही होता. तेल वारंवार तापले की काळवंडते, दाट होते, त्याला फेस येतो, वास येतो. त्यात घातक संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल तळणासाठी वापरू नये, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. मोठ्या हॉटेलात ते मोजायचे यंत्र असते. चार टेबलांच्या हॉटेलाचे यंत्र म्हणजे गिऱ्हाइकाचे नाक. आम्ही ते यंत्र खिशात घालून निघून गेलो होतो.

घरी आल्यावर लहानपणी ऐकलेल्या दोन हदीस आठवल्या. हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की प्रेषितांनी (सल्ल.) कधी जेवणाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खात, नाही तर सोडून देत. आम्ही आजवर हीच हदीस पुढे करून गप्प बसत आलो. पण दुसरीही आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. तेव्हा प्रेषित (सल्ल.) मुकाट्याने पुढे गेले नाहीत. त्या धान्यवाल्यालाच तिथल्या तिथे विचारले, आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला हवे होते, असे बजावले. पहिली गोष्ट चवीची आहे, दुसरी दोषाची. मीठ कमी, तिखट जास्त, चहा पातळ, ही आपापली आवड. ती सोडून द्यावी. खवट तेल, शिळा रस्सा, गढूळ पाणी हा दोष. तो सांगितलाच पाहिजे, आणि ज्याचा माल आहे त्याला आधी. आम्ही नेमके उलटे केले. मालकासमोर गप्प राहिलो आणि गावभर बोललो. त्याला आपल्याकडे गीबत म्हणतात.

खोटी स्तुतीही त्याच माळेतली. मेहुण्याचे हॉटेल म्हणून न खाता पाच तारे देणारे आपल्यात कमी नाहीत. परगावचा माणूस त्याने फसतो. पैसे देऊन लिहवून घेतलेली मते छापू नयेत, असे भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली काढलेल्या मानकात म्हटले आहे. पण नात्याखातर दिलेला तारा कोण पकडणार? तो आपणच आपला पकडायचा.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. या हॉटेलाची निम्मी गिऱ्हाइके हॉटेलात कधी पाऊलच टाकत नाहीत. त्या मोहल्ल्यातल्या बायका. सकाळी पोराच्या हातात डबा आणि पैसे देऊन पार्सल मागवतात. त्यांचे मत कोणी विचारलेच नव्हते. आमच्या घरी विषय काढला तर बेगम म्हणाल्या, ‘भजी वर्तमानपत्रात बांधून येते, शाई भजीला लागते. दोन वर्षं सांगतेय, ऐकतं कोण?’ त्या आम्हाला सांगत होत्या आणि आम्ही ते पुढे नेत नव्हतो! छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणही वारंवार सांगते. भाभींना निरोप गेला. आता पार्सल कोऱ्या कागदात येते, आणि डबा घेऊन येणाऱ्या पोराला भाभी स्वतः विचारतात, ‘अम्मीला सांग, काल कसं होतं ते कळव.’

तेल आता रोज गाळले जाते. काळे पडले की कढईत परत जात नाही. त्यासाठी भजीची बशी महागली, त्यावर चाचांनी कुरकुर केलीच. भाचा एका रविवारी आमच्यासोबत आला, पोटभर खाल्ले, आपला एक तारा काढून चार दिले. ‘पाच का नाही?’ विचारले तर म्हणाला, ‘शिरा फार गोड आहे.’ ठीक आहे, निदान आता खाऊन बोलला. एका मित्राने आपला तारा काढून टाकला. दुसरा म्हणाला, ‘कुणाला वेळ आहे?’ त्यामुळे आकडा ४ वर येऊन अडकला आहे. पायरीवर आम्ही ज्यांना सांगितले होते त्यांपैकी एक जण परत जायला लागला. दुधवाला अजून जात नाही. तोंडातून गेलेला शब्द परत आणायला आम्ही रोज त्याच्याशी बोलतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही मोहल्ल्यात असे एखादे हॉटेल असेल. मत जरूर द्या. पण स्वतः खाल्लेल्याचेच द्या. ‘बकवास’ लिहिण्यापेक्षा कोणत्या दिवशी, कोणत्या पदार्थात, काय बिघडले ते लिहा. आधी मालकाला सांगा, सुधारायला चार दिवस द्या. सांगूनही तोच दोष राहिला किंवा खाऊन कोणी आजारी पडले, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला कचरू नका, तिथे भीड नको. आणि चांगले वाटले तर तेही मोकळेपणाने सांगा. त्या जमखंडीकडच्या तरुणाने पेजेची गोष्ट आम्हाला सांगितली, भाभींना कोणी सांगितली नव्हती. आम्ही सांगितली तेव्हा मागच्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग भांड्यांचा आवाज सुरू झाला.

त्या हॉटेलात पाटी नव्हती. आमचे अक्षर बरे म्हणून मालकाने आम्हालाच लिहायला बसवले. जुनेच दोन शब्द लिहून झाले, तेव्हा भाभींनी आतून सांगितले, ‘मास्तर, खाली एवढं वाढवा : त्याच दिवशी सांगा.’