सहलीच्या आखणीत लोककथेला जागा हवी

परदेश सहलीत लोककथा वाट्याला येते ती गाइडने बसमध्ये सांगितलेल्या किश्शापुरती. परक्या मुलखातली माणसं कशाच्या आधाराने जगली आणि कशाला भ्यायली, हे समजून घ्यायला तिथली भाषा न येणाऱ्या पाहुण्याला लोककथेइतका जवळचा रस्ता नाही, म्हणून ही उपेक्षा मला खटकते. जपानच्या ईशान्येला, इवाते प्रांतात डोंगरांनी वेढलेलं तोनो आहे. तिथल्या सासाकी किझेन या तरुणाने सांगितलेल्या ११९ छोट्या कथा-आठवणी यानागिता कुनिओ यांनी १९१०मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ या पुस्तकात छापल्या.

त्यातल्या एका कथेत शेतकऱ्याच्या मुलीचा घरच्या घोड्यावर जीव जडतो. बाप घोड्याला तुतीच्या झाडाला टांगून मारतो, त्याचं मुंडकं तोडतो आणि मुलगी त्या मुंडक्यासोबत आकाशात निघून जाते. नुसती ऐकली तर कथा विचित्र वाटते. पण तोनोतली जुनी घरं काटकोनात वळलेली. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला घोडे, छप्पर एकच. ते घर पाहिल्यावर कथेतली माया आणि क्रूरता दोन्ही समजतात. दुसरी कथा १८९६च्या त्सुनामीनंतरची. त्या लाटेत सुमारे २२ हजार माणसं गेली. किनाऱ्यावरच्या गावात घरजावई म्हणून गेलेल्या एकाला आपली मृत बायको रात्रीच्या धुक्यात दिसते, लग्नाआधी तिचा ज्याच्यावर जीव होता आणि जो त्याच लाटेत गेला, त्या पुरुषासोबत. मुलांची माया नाही का, असं तो विचारतो आणि ती रडते. मागे उरलेल्या माणसाला दुःखाच्या जोडीने कसला संशय पोखरत असेल, हे कोणत्या सरकारी अहवालात सापडणार?

या कथांचा आता धंदा झालाय, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. कप्पा या जलचराला पकडण्याचे परवानेही तोनोत पर्यटकांना विकले जातात. पण पुस्तकातला कप्पा घोड्याला पाण्यात ओढू पाहतो, आणि त्याच्यापासून झाली असं मानलेली बाळं मारून पुरल्याच्या नोंदीही तिथे आहेत. बाजाराने गाळलेलं हे सगळं वाचणाऱ्याला मिळतं. इंग्रजी अनुवाद आहे. अंधश्रद्धेला खतपाणी घालू नये, हेही कुणी म्हणेल. मात्र आपल्याकडच्या साती आसरांच्या कथा अभ्यासणारा डोहातल्या अप्सरांवर विश्वास ठेवतोच असं नाही. त्या डोहाची धास्ती गावाला का होती, हे तो शोधतो. राहिला वेळेचा प्रश्न. आठ दिवसांत पाच शहरं पाहायची तर तोनो बसणार नाही, हे मान्य. तेव्हा पाचातलं एक शहर गाळावं. शिन-हानामाकीला बुलेट ट्रेनमधून उतरलं की साध्या गाडीने तोनो तासाभरावर आहे.