काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं आहेत

मी ज्या वस्तीत काम करते, तिथल्या एका मावशींनी जुलै २०२५ मध्ये दुकानावरचा क्यूआर कोड काढून टाकला. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत मांडलेला किराणा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरी, कर्नाटकात भाजीवाल्याला लाखोंची नोटीस आली म्हणे. मला आली तर हे घर विकावं लागेल."

मावशींची महिन्याची विक्री साठ-सत्तर हजारांच्या वर जात नाही, म्हणजे वर्षाला साधारण ८ लाख. कायद्याने त्यांना जीएसटी नोंदणीच लागत नाही. पण हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. क्यूआर गेला आणि कॉलेजची पोरं पुढच्या दुकानात जाऊ लागली.

किरकोळ व्यापाराचे नियम वेगाने बदलत आहेत. त्याची चर्चा व्यापारी संघटनांत होते, अर्थविषयक पानांवर होते. आपल्या वस्तीत मात्र ती अफवेच्या रूपात पोहोचते. म्हणून हा विषय आपल्या तरुणांनी समजून घ्यावा असं मला वाटतं.

नोटिशीची भीती आणि खरा नियम

कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांची माहिती घेऊन छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, हे खरं आहे. हावेरीच्या एका भाजी विक्रेत्यालाही अशी नोटीस गेली. दुकानदार रस्त्यावर उतरले, तेव्हा जुन्या थकबाकीची वसुली करणार नाही, असं तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं.

नियम असा आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली, आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या वर गेली, तर नोंदणी लागते. ताजी भाजी, फळं किंवा छापील पुस्तकं यांवर जीएसटी नाही. जो फक्त अशाच करमुक्त वस्तू विकतो, त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणीची सक्ती नाही. मात्र एकाच स्टॉलवर पुस्तकांबरोबर फोटो फ्रेम आणि टी-शर्टही विकले, तर मर्यादा मोजताना सगळी विक्री एकत्र धरली जाते. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर स्टॉल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यूपीआयमुळे नवा कर लागत नाही, फक्त विक्री दिसू लागते. अडचण होते ती घरचे आणि दुकानाचे पैसे एकाच खात्यात असल्यामुळे. भिशीचे पैसे, मुलाने पाठवलेले पैसे, उसने घेतलेले पैसे हे सगळं बाहेरून विक्रीसारखंच दिसतं. दुकानासाठी वेगळं खातं आणि रोजच्या जमाखर्चाची एक वही एवढ्यावर निम्मी भीती संपते. उलाढाल मर्यादेच्या वर गेली तरी दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत १ टक्का कर भरून मोकळं होता येतं.

दर कमी झाले, पण जुन्या मालाचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण मावशींच्या फळीवरचा साबण जुन्या दराने घेतलेला होता. नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. नोंदणी नसलेल्याला आणि कंपोझिशनवाल्याला ती मिळत नाही. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक नवा भाव मागू लागलं. वितरकाने फरक भरून दिला तर ठीक, नाहीतर तोटा दुकानदाराच्या अंगावर. मोठ्या साखळी दुकानाला कंपनीशी भांडता येतं. वस्तीतल्या दुकानाला सेल्समन उभंही करत नाही.

त्यात दहा मिनिटांत सामान घरपोच देणारी ॲप्स आली. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांच्या सवलतींविरुद्ध वितरकांच्या देशव्यापी महासंघाने २०२४ मध्येच सरकारी यंत्रणांकडे तक्रार केली. विदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेने स्वतःचा माल साठवून थेट ग्राहकाला विकायचा नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. तो पाळला जातो का, हाच वाद आहे. वस्तीतलं दुकान अजून तग धरून आहे ते उधारी आणि पाच रुपयांच्या पुडीवर. पण शेजारच्या कॉलनीतलं गिऱ्हाईक तुटलं आहे, आणि नफा तिथेच होता.

काउंटरच्या पलीकडचा मुलगा

आता दुसरी बाजू. आपल्या समाजात दुकानाचे मालक थोडे, दुकानात काम करणारे जास्त. कापडाच्या शोरूममध्ये, मोबाईलच्या दुकानात, मॉलमध्ये उभी असलेली मुलं-मुली आपलीच आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ महत्त्वाचा आहे.

हा कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी, रजा हे हक्क त्यातून मिळत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांवर नेण्याचा आणि रोजचे तास ९ वरून १० करण्याचा निर्णय घेतला. १ ऑक्टोबरला दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतील, असा शासन निर्णयही निघाला. कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यायची, ही अट त्यात आहे.

सरकार याला व्यवसाय सुलभता म्हणतं. कागदपत्रांचा जाच कमी होणं दुकानदाराला हवंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण १० ते १९ कामगारांच्या शोरूममधल्या मुलाने साप्ताहिक सुट्टी मागायची कोणत्या कायद्याने? सवलत मालकाला मिळाली, किंमत कामगाराने मोजली. रात्री साडेनऊनंतर मुलींना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी, असं कायदा म्हणतो. नोकरी जाण्याच्या भीतीने दिलेली संमती ही खरी संमती असते का?

भांडवलाचा प्रश्न

मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितले की गावच्या वाण्याला त्यांना सामान विकू नको असं बजावलं जातं, हे त्या समितीच्या अहवालात नोंदलेलं आहे. दुकान कुणाच्या हातात आहे, हा आपल्यासाठी तेव्हापासून सत्तेचा प्रश्न आहे.

म्हणून आपलं दुकान उभं राहणं गरजेचं आहे. २०१६ च्या स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचं होतं. ती मार्च २०२५ मध्ये संपली. नव्या योजनेची घोषणा त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात झाली. तुमच्या शाखेने नऊ वर्षांत किती कर्जं दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

आणखी एक गैरसमज. उद्यम नोंदणी केली की सरकारी खरेदीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ४ टक्के वाट्याचा लाभ मिळतो, असं शिबिरांत सांगितलं जातं. किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. ४ टक्क्यांचा लाभ उत्पादन आणि सेवा उद्योगांसाठी आहे.

रस्त्यावर विकणाऱ्यांना पथविक्रेता अधिनियम, २०१४ चं संरक्षण आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून यायचे आहेत आणि त्यात अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व द्यायचं आहे. पीएम स्वनिधीचं पहिलं कर्ज आता १५ हजारांचं झालं आहे. तुमच्या शहरात ही समिती आहे का, आणि आपला माणूस त्यात आहे का?

आपण काय करू शकतो

प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास या कामासाठी ठेवता येईल. बी.कॉम. झालेल्या मुलाने चार दुकानदारांच्या वह्या बघाव्यात, कायदा शिकणाऱ्या मुलीने शोरूममधल्या पोरांची हजेरी आणि पगारपत्रकं बघावीत. मालक आणि कामगार दोघंही त्याच सतरंजीवर बसलेले असतील. एकाला स्वस्त कर्ज हवं आहे, दुसऱ्याला साप्ताहिक सुट्टी. आपली चळवळ दोघांची आहे, म्हणून एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा हक्क सोडून चालणार नाही.

मावशींच्या दुकानाचं वेगळं खातं आम्ही उघडलं. वही त्यांची दहावीतली नात लिहिते. क्यूआर कोड परत लागला आहे.

जय भीम.